डाव्या हातानं दिलेला कागद

गेल्या गुरुवारी संध्याकाळी मी टोकियोत तोझाई लाइनच्या लोकलमध्ये फोनवर बोललो. जपानमध्ये गाडीत फोनवर बोलत नाहीत. सहा वर्षं इथे राहून मला हे माहीत आहे, पण पलीकडे समीर होता आणि तो घाबरलेला होता. आमच्या हिगाशी-कसाईच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहणारा पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्याची कंपनी त्याला तीन आठवड्यांसाठी पश्चिम आफ्रिकेतल्या एका बंदरावर पाठवत होती. त्या देशात मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत तैनात होतो, म्हणून तो मला विचारत होता.

"चेकपोस्टवर काय करायचं, काका?"

"गन दिसली की बोथ हँड्स अप!" मी म्हणालो. नुसतं म्हणालो नाही. फोन खांद्यात धरून दोन्ही हात वर करून दाखवले. परेड ग्राउंडचा आवाज, त्यात शब्द इंग्रजी. समोरच्या आजोबांनी मांडीवरचे हात अर्धवट उचलले. शेजारी बसलेली माझी लेक "हाझुकाशी," म्हणजे लाज आणलीत, असं पुटपुटली आणि तीन सीट सोडून परक्यासारखी बसली.

शनिवारी दुपारी दोन वाजता समीर लॅपटॉप घेऊन घरी आला. आमची ही पोह्यांना फोडणी देत होती. ही इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवते. मी तिच्या व्हिसावर 'डिपेंडंट' आहे. चोवीस वर्षं फौज, सुभेदार म्हणून निवृत्त, आता डिपेंडंट. सकाळी गोदामात आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, आणि घरी कचऱ्याची वर्गवारी. दोन्हीकडे वरिष्ठ खूश नाहीत.

मी ब्रीफिंग सुरू केलं. यलो फीव्हरचं कार्ड पासपोर्टच्या आत ठेव. विमानतळावर पहिल्यांदा तेच मागतात. मलेरियाच्या गोळ्या जायच्या आधी सुरू करायच्या आणि परत आल्यावरही डॉक्टर सांगेल तितके दिवस घ्यायच्या. मी परत आल्यावर बंद केल्या होत्या आणि देवळालीत भर मे महिन्यात तीन ब्लँकेटं घेऊन कुडकुडलो. पाण्याच्या बाटलीचं सील कानाजवळ धरून तोड, आवाज आला पाहिजे. पुलाचा, विमानतळाचा, सैनिकाचा फोटो काढायचा नाही.

"आणि चेकपोस्ट?"

"हात वर करायची गरज नाही. ते मी गाडीत चुकीचं सांगितलं. गाडी हळू करायची. गॉगल काढायचा. हात दिसतील असे ठेवायचे. आधी नमस्कार, घरचे बरे आहेत ना, झोप लागली ना, हे सगळं. मगच कागद. आणि कागद उजव्या हातानं द्यायचा."

"उजव्याच का?"

"डावा हात म्हणजे अपमान."

"आपल्याकडे प्रसाद घेतो तसंच की." तो टाइप करता करता हसला. "हे कोण विसरेल?"

"मी विसरलो होतो," मी म्हणालो. इथपर्यंत आलो होतो, आता मागे फिरता येत नव्हतं.

मी तेव्हा नायब सुभेदार होतो. आमची कंपनी एका तालुक्याच्या गावी होती. पहाटे पाणी भरायचं, सातला पेट्रोल, म्हणजे गस्त, दुपारी दवाखान्याला पहारा, संध्याकाळी व्हॉलीबॉल. चार महिने असेच गेले. मग एका संध्याकाळी आमच्या गस्तीवर फायर आला. शिपाई शिंदेच्या पोटात गोळी लागली. सर्जन नव्वद किलोमीटरवर. रात्री रस्ता बंद. पहाटे हेलिकॉप्टर मागवलं, पण सहाराची धूळ उतरली होती आणि शंभर मीटरपलीकडचं दिसत नव्हतं.

०६१० ला दोन गाड्या निघाल्या. पुढे जिप्सी, मागे शिंदेला घेऊन ॲम्ब्युलन्स. नर्सिंग असिस्टंट मला म्हणाला, "साहेब, दहाच्या आत टेबलवर पाहिजे. नाहीतर नाही."

जिप्सी नाईक दत्ता खोत चालवत होता. सांगलीकडचा. बाजारात बसून बसून तो तिथली भाषा शिकला होता. भाजीवाल्या बायका त्याला जावई म्हणायच्या.

०७४० ला पुलाजवळ रस्त्यावर दोरी दिसली, तिला लाल चिंध्या बांधलेल्या. स्थानिक मिलिशियाची सात-आठ माणसं. रात्रीची उतरलेली नव्हती. त्यांचा कमांडर प्लास्टिकच्या खुर्चीतून उठला आणि माझ्या खिडकीशी आला.

"साहेब, दोन मिनिटं उतरू," खोत म्हणाला. "रामराम करू, मग कागद देऊ."

"वेळ नाही."

माझा उजवा हात रायफलच्या ग्रिपवर होता. ड्रिल तेच सांगतं. खिडकी डावीकडे होती. मी डाव्या हातानं मूव्हमेंट ऑर्डर बाहेर धरली. गुड मॉर्निंगसुद्धा म्हणालो नाही.

कमांडरनं आधी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कागद फटका मारून खाली पाडला आणि ओरडला. मागच्या माणसांनी रायफली कॉक केल्या.

"मी बघतो," खोत म्हणाला. स्वतःची कार्बाइन सीटवर ठेवून तो उतरला. बॉनेटला वळसा घालून पुढे आला. दोन्ही हात रिकामे. उजवा हात छातीवर ठेवून त्यांच्या भाषेत बोलू लागला. कमांडरचा चेहरा सैल होत होता. ते मला दिसलं.

तेवढ्यात पुलाच्या कठड्यामागून कोणीतरी गोळ्यांचा बर्स्ट सोडला. कोणी आणि का, ते शेवटपर्यंत कळलं नाही. खोतच्या मानेतून रक्ताची चिळकांडी काचेवर उडाली. मी दारातून फायर केलं. कमांडर दोन पावलांवर होता, तो पडला. त्याच्यामागचा पळता पळता पडला. तिसरा दोरीवर ओणवा झाला आणि तसाच लटकत राहिला. ॲम्ब्युलन्सच्या गार्डनं कठड्यावर आख्खी मॅगझिन रिकामी केली. नंतर सगळं थांबलं. एक मिनिटही झालं नसेल.

"चार्ली, अल्फा टू. कॉन्टॅक्ट. एक कॅज्युअल्टी. वेट, आउट," मी रेडिओवर म्हणालो.

"अल्फा टू, होल्ड करा," कंपनीतून उत्तर आलं. म्हणजे तिथेच थांबा.

"नेगेटिव्ह. मूव्हिंग."

गार्डनं जिप्सीचं स्टिअरिंग घेतलं. दोरी आणि त्यावरचा माणूस चाकाखाली गेला. मी मागे खोतला मांडीवर घेऊन त्याच्या मानेत मूठ दाबून बसलो होतो. चौदा किलोमीटर. त्यानंतर दाबायची गरज राहिली नाही. ०९२० ला शिंदे टेबलवर गेला. तो वाचला. आज त्याची रोपवाटिका आहे.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी वेळ, अंतर, राउंड सगळं सांगितलं. कोणत्या हातानं कागद दिला, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

समीरनं लॅपटॉप मिटला होता. म्हणाला, "काका, मग मी जाऊ की नको?"

"जा. देश चांगला आहे. माणसं जीव लावतात. खोतसाठी त्या भाजीवाल्या बायका आमच्या गेटवर दोन दिवस बसून होत्या, जेवल्या नाहीत. तुझा कागद त्याच्यासारखा दे, माझ्यासारखा नको."

तो गेला. पोह्यांची ताटली त्यानं अर्धीच संपवली होती. ही ओट्याशी उभी होती. लग्नाला बावीस वर्षं झाली आणि हे तिनं आज ऐकलं. मी कचऱ्याच्या पिशव्या बांधायला घेतल्या.

"ठेवा त्या," ती म्हणाली. "म्हणून दर दिवाळीला खोत वहिनींना फोन मला करायला लावता होय? मी म्हणायचे, तुम्हाला बोलायचा कंटाळा."

मी पिशव्या खाली ठेवल्या.

तिनं माझा फोन आणून समोर ठेवला. "तिकडे साडेअकरा वाजलेत. शेतावरून घरी आल्या असतील. आज तुम्ही लावा. मी बसते इथे."