राजसबाईंचा वजनकाटा

तमिळ मुलखातल्या एन्नोरच्या रस्त्यावर राजसबाईंचा लॉऱ्या तोलायचा वजनकाटा आहे. बाई तंजावरच्या मराठी घरातल्या, वय अठ्ठावन्न, स्वभाव काट्यासारखाच सरळ. पंधरा किलोसुद्धा कमी लिहून देत नाहीत. शेजारी म्हणून मी त्यांना बारा वर्षं ओळखतो, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या या ताठपणाचा मला कधीकधी वैताग यायचा.

पुढे कालव्यावर जुना पूल आहे. ऑक्टोबरात पाऊस लागला की तिथे पाटी लागते: मालासकट सोळा टनांवरच्या गाड्यांना जानेवारीपर्यंत बंदी. पुलाच्या चौकीवर सगळ्या लॉऱ्या पुन्हा तोलतात, फक्त राजसबाईंची वजनाची चिठ्ठी असली की नुसता हात दाखवून सोडतात. बाईंची आयुष्यभराची कमाई म्हणजे तो हात.

यंदा आयुधपूजेला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, त्यांनी काटा पुजला. काटा तपासायची वीस-वीस किलोंची दहा वजनंही हत्यारंच, म्हणून त्यांना गंध-कुंकू लावून, लॉरी चढते त्या काट्याच्या फळीवर मांडली. पुजलेली हत्यारं दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत हलवायची नसतात.

दसऱ्याच्या सकाळी बाईंनी मशीन चालू केलं आणि रोजच्या सवयीने शून्याचं बटण दाबलं. मग पूजा केली, वजनं उतरवली. पाठ स्क्रीनकडेच होती. पहिली लॉरी आली ती रंगा ड्रायव्हरची, सिमेंटने भरलेली. बाईंनी तिला ओवाळलं, वजन लिहिलं: पंधरा टन नऊशे चाळीस. रंगा खुशीत निघाला.

लॉरी उतरली आणि स्क्रीनवर आकडा आला: उणे दोनशे.

बाईंनी रिकाम्या फळीकडे पाहिलं आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. वजनं फळीवर असतानाच शून्य केलं होतं. रंगाची गाडी दोनशे किलोंनी हलकी लिहिली गेली होती. रंगा फोन उचलेना. त्यांनी रिक्षा केली; चौकीच्या रांगेत रंगा सापडला.

चौकीवरच्या माणसाने चिठ्ठी पाहून हात वर केलाच होता. बाई गप्प बसल्या असत्या तर कुणाला पत्ताही लागला नसता. मी तर गप्पच बसलो असतो.

"सार, चिठ्ठी चुकली आहे," बाई तमिळमध्ये म्हणाल्या. "एकशेचाळीस किलो जास्त आहे. चूक माझी, याची नाही."

गाडी तोलली. आकडा बाईंनी सांगितला तोच. तीन पोती उतरवावी लागली.

"अक्का, सणाच्या दिवशी हे काय केलंत?" रंगा म्हणाला. तोवर पाऊस सुरू झाला होता.

"तू माल टाकून ये. पोती मी सांभाळते."

रंगा परत आला तेव्हा बाई रस्त्याकडेला भिजत बसल्या होत्या आणि छत्री पोत्यांवर होती. त्याने पोती चढवली आणि तो निघून गेला.

आता चौकीवर बाईंच्या चिठ्ठीचीही गाडी तोलतात. बाईंना ते फार लागलं. चार दिवस त्या नीट जेवल्या नाहीत, हे मला माहीत आहे. पाचव्या दिवशी रंगाची लॉरी आली. तो खाली उतरला, वाकून रिकामी फळी पाहिली, खिडकीतून स्क्रीनवरचं शून्य पाहिलं, आणि मग गाडी चढवली.

"लिहा अक्का," तो म्हणाला.

बाईंनी आकडा दोनदा वाचला आणि लिहिला.