ड्यूकला दहापैकी नऊ

स्कॉटलंडमधल्या फाइफच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात मॉरेग डॅलगार्नोबाईंच्या हातचं न शिकलेला माणूस म्हणजे एकतर परगावचा, नाहीतर पाळण्यातला. बाई इतिहास शिकवायच्या. ड्यूक म्हणजे गरिबांना हुसकावून त्यांच्या जागी मेंढ्या चारणारी जमात, असं त्यांनी अख्ख्या गावाकडून घोकून घेतलं होतं.

निवृत्तीनंतर मात्र त्या दर आठवड्याला एका नव्या ड्यूकच्या प्रेमात पडत होत्या. ग्रंथालयातल्या गुलाबी कादंबऱ्या चर्चच्या मासिकात गुंडाळून घरी न्यायच्या. कुणी विचारलंच तर, "शेजारच्या नेटासाठी. गुडघ्यांमुळे येववत नाही तिला." नेटाचे गुडघे ठणठणीत होते.

या कादंबऱ्या सगळ्या एकाच माळेचे मणी. वाचलेलीच पुन्हा घरी येऊ नये म्हणून गावातल्या म्हाताऱ्या सातव्या पानावर आपापली खूण करून ठेवत. कुणाची फुली, नेटाचा मासा. बाईंचीही खूण होती, पण हाताला वर्गातली सवय.

मग नव्या ग्रंथपालाने, म्हणजे बाईंच्याच हाताखाली शिकलेल्या कॅलम रेनीने, सभा बोलावली. गुलाबी कपाट काढून तिथे संगणक मांडायचे होते.

"हा कचरा वाचतं तरी कोण? बाई, तुम्हीच सांगा. तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही."

नेटाने मान खाली घातली. कचरा म्हटलं तर अब्रू राहत होती आणि ड्यूक जात होते. बाईंना ड्यूक हवे होते.

"कॅलम, त्यातलं एक घे. सातवं पान उघड."

"फुली आहे. आणि हा... मासा?"

"खाली तांबड्या शाईत काय आहे ते वाच. पुटपुटू नकोस."

"'दहापैकी पाच. नायिका ऊठसूट बेशुद्ध पडते. नीट जेवत नसावी.'"

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. त्या तांबड्या शाईने तिथल्या प्रत्येकाला कधी ना कधी रडवलं होतं.

कॅलमने दुसरं पुस्तक उघडलं. "'दहापैकी नऊ.'" शेरा नव्हता. त्याने तो आकडा पुन्हा एकदा वाचला.

"संगणक खिडकीपाशी बसतील," शेवटी तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पण बाई, मला तुम्ही कधी चारच्या वर दिले नाहीत."

"तू कधी भर पावसात घोडा दामटत आलास का?" बाई म्हणाल्या, आणि पुस्तक घ्यायला त्यांनी हात पुढे केला.