बारा नंबरच्या खाटेजवळ कोण बसणार?

बारा नंबरच्या खाटेवरची सकीनाबी उठून बसली होती आणि पायाने चपला शोधत होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. आसपास कोणी नाही. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला भांडी धूत होते. हातातलं टाकून धावले आणि पाठीला आधार देऊन तिला हळूच आडवी केली.

"तीनदा हाका मारल्या गो," ती म्हणाली. "लघवीला जायचं होतं. किती वेळ दाबून धरू?"

हा मोतीबिंदूचा कॅम्प होता. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साल असेल. मी रत्नागिरीत एका ट्रस्टच्या दवाखान्यात आया होते. शिक्षण चौथी. ट्रस्टचं नाव लिहीत नाही, त्यातले काही लोक अजून फोटोत हसत असतात. दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा हॉल मिळे आणि मुंबईचे डॉक्टर येऊन फुकट ऑपरेशनं करत. आता सकाळी ऑपरेशन आणि दुपारी माणूस घरी जातो. तेव्हा डोळा कापून मोतीबिंदू काढत, बारीक टाके घालत आणि पाच-सहा दिवस पेशंटला उताणं झोपवून ठेवत. खोकायचं नाही, वाकायचं नाही, एकट्याने उठायचं तर नाहीच. जोर पडला की टाका सुटतो.

सकीनाबीचा उजवा डोळा बरीच वर्षं आधी भाताचं कुसळ जाऊन गेला होता. ऑपरेशन झालं ते डाव्याचं. म्हणजे हाच एक. मुलगा बोटीवर, सून बाळंतीण, सोबत कोणी नाही.

डॉक्टरांनी पट्टी सोडून बॅटरीने बघितलं. एक टाका ढिला झाला होता आणि बुबुळाच्या मागचा पडदा त्या फटीत अडकला होता. तिने विचारलं, "हा पण गेला काय?"

त्यांनी टाका परत घातला. बाहेर येऊन मला म्हणाले, "पुन्हा उठली तर डोळा राहणार नाही. चोवीस तास माणूस बसवा."

माणूस कुठून बसवणार? तीस पेशंट आणि पगारी आया आम्ही दोघी. बाकी सगळा भार स्वयंसेवकांवर. उद्घाटनाला ते इतके होते की पेशंटना आत घ्यायला वाट नव्हती. दुसऱ्या दिवशी निम्मे. तिसऱ्या दिवशी, म्हणजे सकीनाबी उठली त्या दिवशी, पाच. त्यातले दोघे पोहे खाऊन गेले.

आमचे सेक्रेटरी निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना सर म्हणत. मी त्यांना गाठलं. ते रेशमी बॅज मोजत होते. येणं कमी झालं म्हणून त्यांनी बॅज मागवले होते. शिवाय शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट, गुलाब आणि भाषण. काल जाताना सगळी 'येतो', 'येते' म्हणाली होती, असं त्यांनी मला सांगितलं. निघताना आपण 'येतो'च म्हणतो. सर ती उद्याची हजेरी धरून बसले होते. आयुष्यभर हजेऱ्या घेतलेला माणूस हा.

मी म्हटलं, नावं नेमून द्या, वेळ सांगा.

"मावशी, ते स्वयंसेवक आहेत. आपल्या खुशीने येतात. त्यांना हुकूम सोडता येत नाही."

"मग पेशंट सोडता येतो काय?"

त्यांनी बॅज मोजणं चालू ठेवलं.

दुपारी तासभर दुसऱ्या आयाला तिच्याजवळ बसवून मी पोस्टमास्तरांच्या घरी गेले. त्यांची बायको, शुभावहिनी, पहिले दोन दिवस आली होती, मग नाही. चिवड्याची बशी पुढे करायला लागली. मी म्हटलं, चिवडा राहू दे, आला का नाहीत ते सांगा.

"येऊन काय करू?" वहिनी म्हणाली. "दोन दिवस भिंतीला टेकून उभी होते. सर म्हणाले, जमेल तसं या. एका खाटेजवळ गेले, तर तुम्हीच ओरडलात, हात लावू नका म्हणून."

खरं होतं. पहिल्या दिवशी मी चारजणी तशाच हाकलल्या होत्या. इस्त्रीच्या साड्या बघून डोकं फिरलं होतं माझं. सरांनी माणसं शोभेला उभी केली आणि मी ती पळवली. दोघांनी मिळून काम फत्ते केलं.

मी म्हटलं, "बारा नंबरला सकीनाबी आहे. दुपारी दोन ते सहा तुम्ही. ती उठली तर आंधळी होईल. भांडं कसं द्यायचं ते मी दाखवते."

"भांडं?"

"हो. लघवीचं. जमत नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरं घर बघते."

वहिनी साडी बदलायला आत गेली.

तशी मी आणखी सात घरं फिरले. दोघींनी भांड्याचं ऐकून दार लोटलं. बरं झालं, दोन वाजता वाट बघायची वाचली. परत येऊन शाळेच्याच फळ्यावर खडूने लिहिलं. खाट नंबर, पेशंटचं नाव, बसणाऱ्याचं नाव, वेळ. सर आले, त्यांनी फळा पुरता वाचला, मी 'दूपारी' लिहिलं होतं त्यातला उकार सुधारला आणि गेले. त्या कॅम्पमध्ये त्यांच्या हातून झालेलं काम ते एवढंच.

पुढचे दिवस फळ्यावरची माणसं आली. एक दिवस वहिनीला ताप आला, तर तिने पोस्टमास्तरांना पाठवलं. ते बिचारे सकीनाबीकडे पाठ करून बसले, पण बसले. आणि भांड्यापुरतं मला हाक मारत.

सहाव्या दिवशी पट्टी सुटली. डॉक्टरांनी बोटं धरली, तिने बरोबर मोजली. मग वहिनीकडे वळून बराच वेळ बघितलं.

"तूच काय ती? आवाजावरून जाडी वाटली होतीस."

डोळा वाचला, पण बाहुली एका बाजूला ओढली गेली ती गेलीच. आधी गोल होती, आता लांबट. तिला उजेडाचा त्रास कायमचा राहिला. बाहेर पडताना पदर कपाळावर ओढायची. हाकेला कोणी आलं नाही, त्याची ही खूण.

समारोपाला सर्टिफिकेटं वाटली. नावं सरांनी उद्घाटनाच्या दिवशीच लिहून ठेवली होती. दार लोटणाऱ्या दोघींना मिळालं, पोस्टमास्तरांना नाही. भाषणात सरांनी सेवाभाव कसा जागवावा हे पाऊण तास सांगितलं. ऑपरेशन झालेले पेशंट तेवढा वेळ ताठ बसून होते.

पुढच्या वर्षी नुसत्या सर्टिफिकेटवाल्यांतलं एकच आलं, तेही उद्घाटनापुरतं. फळ्यावरच्या सहांपैकी पाचजणं आली. सरांकडे कोणी गेलं नाही. सरळ माझ्याकडे येऊन विचारलं, खाट कुठली?

माणसं टिकवायची कशी, यावर आता शिबिरं होतात म्हणे. मला त्यातलं कळत नाही. मी एवढंच शिकले, की ज्याला बोलावलंत त्याला उभं ठेवू नये. उभं राहायला कोणी घर सोडून येत नाही.