अल्गोरिदमला आत्या आडवी आली

मंडळी, आज गुलमंडीजवळच्या आमच्या शाळेत ऐन कॉम्प्युटरच्या तासाला लाइट गेली. कॉम्प्युटर बंद. मग आठवीच्या पोरांनाच रांगेत उभं केलं आणि म्हणलं, आता तुम्हीच अल्गोरिदम!

अल्गोरिदम म्हणजे पायरीपायरीनं पाळायचा नियम. वयानुसार रांग लावायची होती, नियम सोपा होता. शेजाऱ्याचं वय विचारायचं. लहान डावीकडं, मोठा उजवीकडं. कुणालाच हलावं लागलं नाही की खेळ संपला.

सगळे थांबले, पण ओंकार आणि वैष्णवी थांबेनात. ओंकार वयानं मोठा, म्हणून तो उजवीकडं गेला. वैष्णवीनं त्याला परत डावीकडं ओढलं.

"सर, मी ह्याची आत्या हाय!"

खरंच होतं. दोघं एकाच भावकीतले, ती त्याच्या वडिलांची चुलत बहीण. मी नियम सांगायचो, तो उजवीकडं जायचा, ती ओढायची. घंटा झाली तरी तेच चालू.

मी वैतागलो. "अरे, कॉम्प्युटर फक्त वय बघतो, नातं नाय बघत!"

ओंकार शांतपणे म्हणाला, "म्हणूनच त्याला कुणी लग्नाला बोलवत नाय, सर."

घरी आलो, तर माझ्याहून लहान असलेला माझा मामा सोफ्यावर बसलेला. मुकाट्यानं पाया पडलो.

तुमच्या घरी कोणता नियम चालतो?