न चिरडलेलं लिंबू

मंडळी, कृपया सर्वांनी उभं राहावं. अत्यंत गंभीर बाब जाहीर करतोय — भाईंदर पूर्वेच्या एका दुकानात, भर दुपारी, एका लिंबाने माझ्या कॉम्प्युटराइज्ड व्हील अलाइनमेंट मशीनची इज्जत काढली. आता बसा.

या फोरमवरच्या हडळी आणि पांढऱ्या साड्या वाचून सगळ्यात जास्त खिदळलेला माणूस मीच. माझा विश्वास दोनच गोष्टींवर — वरून पाहिलं तर चाक सरळ आहे का, आणि समोरून पाहिलं तर ताठ आहे का. बाकी सगळ्या थापा.

२००६ च्या आसपासची गोष्ट. खारी गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं टायरचं दुकान, मशीन नवंकोरं. माझा मित्र दिलीप, म्हणजे दिल्या, याने जन्मभर पाहिलेलं स्वप्न सेकंडहँड उचललं होतं. लाल, दोन दारांची, जपानी गाडी... आवाज असा की बिल्डिंगमधली झोपलेली बाळं उठायची. वर हौसेने त्याने ती आणखी खाली बसवून घेतली, रुंद टायर चढवले. तेव्हापासून गाडी टायर खायला लागली. पुढचं डावं, तेही फक्त आतल्या काठाने. बाहेरून बघावं तर नवं, आत हात घालावा तर गुळगुळीत टक्कल! शिवाय स्टिअरिंग जरा सैल सोडलं की निघाली डावीकडे.

खाली बसवलेल्या गाडीचं असं होतं, त्यात भूत नाही. मी ती मशीनवर घेतली, चाकं ताठ केली, स्क्रीनवर सगळं हिरवंगार. गाडी डावीकडे. टायरांची अदलाबदल करून पाहिली, परत जागच्या जागी लावले, हवा तपासली, ब्रेक धरतोय का पाहिलं... डावीकडेच.

शेवटी दिल्याच्या बायकोने, सुनंदावहिनींनी, निकाल दिला. दसऱ्याला पूजा करायची आणि उत्तनपर्यंत जायचं. गाडी सरळ चालली तर राहील, नाहीतर त्याच दिवशी विकायची. नुसतं बोलून थांबतील त्या वहिनी कसल्या, गिऱ्हाईकच दुकानात हजर केलं! शेजारच्या बिल्डिंगमधले जिग्नेशभाई. ते गाडीभोवती गोड हसत फिरत होते, आणि दिल्या बॉनेटवर झेंडूचा हार असा घालत होता, जणू मुलीची पाठवणी चाललीय.

हळदकुंकू झालं, नारळ फुटला, चार चाकांपुढे चार लिंबं ठेवली. पुढच्या डाव्या चाकाचं लिंबू वहिनींनी झाडूच्या दांड्याने ढकलत नेमकं आतल्या काठापुढे नेलं.

“हिला जिथे भूक लागते,” त्या म्हणाल्या, “तिथेच वाढते.”

दिल्याने गाडी हळूच पुढे घेतली. तीन लिंबांचा चेंदा झाला. चौथं... आम्ही तिघं वाकून बघत होतो, मंडळी. चाक त्याच्यावर चढलं, उतरलं, आणि लिंबू जागच्या जागी. अख्खं. चीर नाही, रसाचा थेंब नाही. खड्ड्यात बसलं असेल म्हणाल, तर अलाइनमेंटच्या दुकानात जमीन सपाटच ठेवावी लागते. मी ते उचललं. सालीवर टायरच्या नक्षीचा ठसा होता — खोल, रेखीव, नव्या टायरचा उमटावा तसा. लगेच चाकाच्या आतल्या बाजूला हात घातला. तिथे तेच गुळगुळीत टक्कल! मग ही नक्षी आली कुठून?

जिग्नेशभाईंनी लिंबू हातात घेतलं, हुंगलं, मला परत दिलं आणि हात पँटला पुसले.

निघालो. मी आणि जिग्नेशभाई मागे, जवळजवळ एकमेकांच्या मांडीवर, कारण दोन दारांच्या गाडीतली मागची सीट म्हणजे निव्वळ थट्टा असते. उत्तनच्या वाटेवर मोकळा, सरळ पट्टा आला. दिल्याने स्टिअरिंगवरचे हात अलगद उचलले.

गाडी सरळ! वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आत येईपर्यंत सरळ. दिल्या हसतोय की रडतोय ते मागून कळेना, कान तेवढे लाल झालेले दिसत होते.

परत आल्यावर गाडी पुन्हा मशीनवर घेतली. आधीचेच आकडे, एकही हललेला नाही. पुढे नवे टायर चढवले, ते दोन्ही काठांनी सारखे झिजले. लिंबू कडक होतं म्हणावं, तर बाकीची तीन त्याच ढिगातली. इंजिनिअर मित्रांना विचारलं, ते चहा पिऊन गेले. उत्तर माझ्याकडे आजही नाही — आणि खरं सांगू, मला त्याचं भारी कौतुक वाटतं.

पण परत त्या दुपारच्या सरळ रस्त्यावर येतो. लायसन्स असूनही या गाडीच्या स्टिअरिंगला कधी बोट न लावलेल्या वहिनी समोर बघत बसल्या होत्या. आता भाव ठरणार म्हणून जिग्नेशभाई पुढे सरकले. वहिनींनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“जिग्नेशभाई, गाडी बेचनी नहीं है... आणि अहो, तुम्ही उतरा बघू. आता मी चालवते.”