सुधींद्ररावांच्या सायकलची चेन

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या इमारतीत कुणाचं काही बिघडलं की मिस्त्रीच्या आधी सुधींद्रराव हजर व्हायचे. मिस्त्री काय करणार ते तो येण्याआधी सांगायचं, आणि त्यानं काय चुकवलं ते तो गेल्यावर सांगायचं, ही त्यांची समाजसेवा. त्यांच्या स्वतःच्या हाताला काळा डाग लागलेला मात्र कुणी पाहिला नव्हता.

गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणारा एक कारखाना आहे, तिथे ते हिशेबखात्यात. पन्नाशी कधीच उलटलेली, कपाळावर अंगारा-अक्षत, खिशात दोन पेनं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचं. वडिलांच्या वेळेला चेन्नईत आले. मी बँकेच्या बदलीवर सोलापूरहून इथे आले तेव्हा खालच्याच मजल्यावर मराठी बोलणारं घर आहे हे कळून मला केवढा आनंद झाला होता! पहिल्या भेटीत सुधींद्ररावांनी माझी मराठी तपासली आणि नापास केली.

"तुमची मराठी मागाहून बिघडली," ते म्हणाले. "आमची व्यंकोजीराजांसवें आली, ती बरणींत घालून ठेवल्यासारखी आहे."

त्यांच्या बायकोनं, सीतालक्ष्मीअक्कांनी, आतून कॉफी आणली आणि म्हणाल्या, "बरणी उघडूं नका. वास येईल." तेव्हाच आमची मैत्री जमली.

अक्का एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मुख्य तंत्रज्ञ आहेत. सगळ्या तिरुवल्लिकेणीची साखर त्यांना पाठ. नवऱ्याची वाढली, तेव्हा डॉक्टरांनी रोज व्यायाम करायला सांगितलं. मरीनाचा समुद्रकिनारा चालत जाण्याइतका जवळ असताना सुधींद्ररावांनी इलेक्ट्रिक सायकल घेतली. तिच्या मागच्या चाकात मोटर होती. पाय मारले तर ती मदत करायची, आणि हँडलवरची मूठ पिळली तर पाय न मारताही पळायची. ही दुसरी सोय त्यांनी अक्कांना कळू दिली नाही.

"गिंडीपर्यंत पाय मारून जाणार, पाय मारून येणार," त्यांनी जाहीर केलं. "मोटर केवळ आधारास. म्हाताऱ्याच्या काठीसारखी."

सायकल आली आणि तिच्यामागून एक खोकं आलं. चेन धुवायचा ब्रश लावलेला डबा, मळ काढायचं द्रव, पावसाळ्यासाठी घट्ट तेल, उन्हाळ्यासाठी पातळ तेल, चेन किती ताणली ते मोजायची पट्टी. सुधींद्ररावांनी चेनवरचे सगळे व्हिडिओ पाहिले. महिन्याभरात इमारतीत असा माणूस उरला नाही, ज्याला चेनला तेल बाहेरून नव्हे तर आतल्या बारीक नळकांड्यांवर एकेक थेंब सोडतात हे ऐकावं लागलं नव्हतं. तेल जास्त झालं तर धूळ धरतं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात चेन दर आठवड्याला पुसावी. गंजलेली चेन म्हणजे मालकाचं चारित्र्य. हे सगळं खरं होतं, आणि ते इतकं छान सांगायचे की मी घरच्या शिलाई मशीनलाही तेल दिलं.

रोज सकाळी ते सायकल हातानं ढकलत गल्लीबाहेर नेत. "गर्दी आहे, कोणास धक्का लागूं नये." संध्याकाळी तशीच ढकलत आणत, सदरा घामानं चिंब. चेन्नईत घाम यायला व्यायाम लागत नाही, मे महिन्यात तर माणूस बसस्टॉपवर उभ्या उभ्या भिजतो. पण अक्का प्रेमानं टॉवेल पुढे करायच्या.

"सैदापेटचा पूल आज कसा होता?"

"चढ आहे हो," सुधींद्रराव धापा टाकत म्हणायचे. "पण मांड्यांस आतां सवय झाली."

साखर मात्र उतरेना. उलट चढली. सुधींद्ररावांनी लॅबला दोष दिला. तुमचं मशीन जुनं, तुमची पोरं बेफिकीर, नमुना उन्हात ठेवला असणार. अक्का चोख बाई. दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट असता तर त्यांनी क्षणभरही शंका घेतली नसती. पण माणूस रोज पूल चढून येतो, त्याच्या घामाचा टॉवेल आपण धुतो. मग आकडाच चुकीचा असणार. त्यांनी मशीनची पुन्हा पुन्हा तपासणी करून घेतली. एकदा तर श्रीरंजनी नावाच्या त्यांच्या हाताखालच्या मुलीला, तिनं नमुना नीट हाताळला नाही म्हणून, सगळ्यांसमोर बोलल्या. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं.

आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर सगळ्या गाड्या धुऊन मांडतात. चंदन, कुंकू, हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. सुधींद्ररावांची सायकल मधोमध होती. नवरात्राआधी ते एका श्राद्धाला तंजावरला गेले होते, परतल्यावर पूजेसाठी रजेवर होते, त्यामुळे तेव्हापासून ती खालीच उभी. त्यांनी तिची वरवरची धूळ झटकली होती, हार घातला होता आणि चेनवरच्या काळ्या प्लास्टिकच्या झाकणावर चंदनाची तीन बोटं ओढली होती.

पूजा झाली, सुंडल, म्हणजे चण्यांची उसळ, वाटून झाली, आणि पहिल्या मजल्यावरचा श्रीवत्स, जो कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे, म्हणाला, "सार, माझ्या सायकलची चेन फार किरकिरते. तेल कसं घालायचं ते एकदा दाखवा ना."

असं कुणी विचारावं म्हणून सुधींद्रराव वर्षभर थांबले होते. ते वर गेले आणि खोकं घेऊन आले. बाटल्यांची सीलं तशीच होती. ती त्यांनी पाठ वळवून तोडली. सगळे भोवती जमले. अक्कासुद्धा, नवऱ्याचं कौतुक बघायला, पदर खोचून पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"माझ्याच चेनवर दाखवतों," ते म्हणाले. "पहिलें सूत्र: बॅटरी बाहेर. वीज आणि बोटें एके ठायीं असूं नयेत." त्यांनी किल्ली फिरवून बॅटरी काढली आणि प्रसादाच्या ताटासारखी अक्कांच्या हातात दिली. "दुसरें: पायडल हलक्या हातानें उलटें फिरवावें, आणि कान द्यावा. चेन बोलते."

चेन बोलायला तयार नव्हती. पायडल हललंच नाही.

"उन्हानें आखडली आहे," सुधींद्रराव म्हणाले आणि जरा जोर लावला. मग दोन्ही हात लावले. शेवटी पायाचा दणका दिला. आत काहीतरी कडाड्‌कन मोडलं आणि झाकणामागून मातीचा एक मोठा गोळा खालच्या कोलमवर, म्हणजे रांगोळीवर, पडून फुटला. आत नळ्या नळ्या होत्या, आणि प्रत्येक नळीत बारीक कोळी दाटीनं भरलेले. एका नळीतून पांढरी अळी बाहेर येऊन वळवळत सुधींद्ररावांच्या पायाकडे निघाली.

कुंभारमाशीचं घर होतं ते. शांत, न हलणारी जागा पाहून ती घर बांधते.

श्रीवत्सनं वाकून झाकणाच्या आत पाहिलं. "सार," तो हळूच म्हणाला, "चेन कुठाय? हा सगळा गंजच आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मीही हसले असते, पण माझं लक्ष अक्कांकडे गेलं. त्या हसत नव्हत्या. बॅटरी छातीशी धरून त्या चेनकडे पाहत होत्या, सुईच्या टोकावरचा थेंब पाहावा तशा.

"श्राद्धास गेलों होतों ना," सुधींद्रराव म्हणाले, "तेव्हां त्या माशीनें..."

"घर तेव्हां बांधलें असेल. गंज?"

"खारा वारा."

"रोज सैदापेटचा पूल पाय मारून चढतां म्हणून सांगत होतां," अक्का म्हणाल्या. "कोणाच्या पायांनीं?"

सुधींद्ररावांना मोटरच्या रचनेबद्दल काही सांगायचं होतं. त्यांनी सुरुवातही केली. अक्कांनी ऐकून घेतलं नाही.

"मी मशीन तपासवलें. त्या श्रीरंजनीस सगळ्यांपुढें बोललें. ती पोर रडली. आणि तुम्ही बसून आलांत. बसून! आणि माझ्याकडून टॉवेल घेतलात!"

एवढं बोलून त्या बॅटरी घेऊन वर गेल्या. ती कपाटात ठेवून त्यांनी कपाटाची किल्ली मंगळसूत्राला अडकवली. तिथून ती काढून घेण्याइतके सुधींद्रराव शूर नव्हते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुधींद्रराव बसनं गिंडीला गेले आणि संध्याकाळी अक्का त्यांना घेऊन लॅबवर गेल्या. अक्कांनी श्रीरंजनीची सरळ माफी मागितली. सुधींद्ररावांची पाळी आली, तेव्हा त्यांनी तिला लोखंड, मीठ आणि दमट हवा यांचा संबंध समजावून सांगितला. ती मुलगी चांगल्या घरची. तिनं मान डोलावली आणि त्यांचं बोट टोचून पुन्हा रक्त घेतलं. अक्का मला सांगत होत्या, "जरा जोरांतच टोचलेंन्‌ तिनें. मी पाहिलें न पाहिलें केलें."

नवी चेन बसवून घ्यायला अक्कांनी परवानगी दिली नाही. "हीच मोकळी करा. तेल कोठें घालतात तें तुम्हांस ठाऊक आहे."

मग रविवारी सुधींद्रराव तळमजल्यावर बनियनवर बसलेले दिसू लागले. व्हिडिओतली चेन दोन मिनिटांत चकचकीत होते. ही त्या व्हिडिओतली नव्हती. मळ काढायचं द्रव ओतून त्यांनी दात घासायच्या जुन्या ब्रशनं ती घासली, भिजत ठेवली, पुन्हा घासली. कड्या आखडून गेल्या होत्या. प्रत्येक कडी दोन्ही हातांत धरून डावीउजवीकडे वाकवावी तेव्हा ती नाखुशीनं सुटायची. नखं काळी झाली, अंगठ्याला फोड आला. येणारे-जाणारे थांबून काय करायचं ते सांगायचे. श्रीवत्सनं तर फोनवर व्हिडिओ लावून समोर धरला. सल्ला दुसऱ्या बाजूनं कसा लागतो, हे कळायला त्यांना तेवढा वेळ बसावं लागलं.

चेन कोरडी पुसली, एकेक थेंब सोडला, पायडल उलटं फिरवलं. या वेळी ती खरोखर बोलली, आधी कुरकुरत, मग सरसर. सुधींद्ररावांचा चेहरा असा काही उजळला की मला त्यांची दया आली. थोडा वेळच.

बॅटरीशिवाय ती सायकल म्हणजे हत्तीचं पिल्लू. पहिल्या दिवशी मरीनापर्यंत गेले आणि खरोखरच ढकलत परत आले. घाम तोच, पण या वेळी टॉवेल पुढे करायला कुणी दारात नव्हतं. तो दोरीवरून स्वतः ओढून घ्यावा लागला. हळूहळू पल्ला वाढला. पोंगलच्या सुमारास ते सैदापेटचा पूल न उतरता चढले. साखरही उतरली, श्रीरंजनीनं रिपोर्ट दिला आणि अक्कांनी तो फ्रिजवर चिकटवला.

आता गोष्ट इथे गोड होऊन संपायला हरकत नव्हती, पण सुधींद्रराव सुधारले म्हणजे आम्ही सुटलो असं नाही. पूर्वी ते ऐकीव ज्ञान सांगायचे. ते पाच मिनिटांत संपायचं. आता अनुभव सांगतात. जिन्यात अडवून अंगठ्यावरचा व्रण दाखवतात. "वाचून काय होतें? हात काळे करावे लागतात," असं मला, म्हणजे दोन पोरं आणि तीन कुकर सांभाळून बँकेत जाणाऱ्या बाईला, ऐकवतात. श्रीवत्सनं तर चेन नसलेली, पट्ट्यावर चालणारी सायकल घेतली. का, ते विचारायची गरज पडली नाही.

परवा संध्याकाळी मी खाली उतरले तर अक्का सायकलवर बसत होत्या. मधला दांडा खाली वाकलेला, त्यामुळे साडीची अडचण नव्हती. बॅटरी जागेवर होती. मैलापूरला भाजीला निघाल्या होत्या. सुधींद्रराव फडकं घेऊन मागे उभे.

"आतांच तेल दिलें आहे, निदान थोडें तरी पाय मारून जा," ते काकुळतीनं म्हणाले. "चेनला चाल पाहिजे."

"व्यायाम डॉक्टरांनीं तुम्हांस सांगितला आहे," अक्का म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, मूठ पिळली, आणि पाय अजिबात न हलवता, महाराणीसारख्या ताठ बसून, गल्लीच्या गर्दीतून घंटी वाजवत निघून गेल्या.