उमेदवार उपलब्ध नाही

डिचोलीच्या मामलेदार कचेरीतून दाखला घेऊन मी घरी आले तेव्हा बाबा अंगणात पायांची लाल माती धूत होते. ते खाणीच्या प्लॉटवर कामाला होते. नदीतल्या बार्जवर चढवण्याआधी खनिजाचे ढीग जिथे रचून ठेवतात तो प्लॉट. दाखला इंग्रजीत होता. मी मोठ्या ऐटीत त्याचं मराठी करून सांगितलं, "अनुसूचित जमात."

"जमात?" बाबांचा तांब्या हातातच राहिला. "जमात ती मशिदीकडची गो. आमच्या प्लॉटार तो ड्रायव्हर आसा न्हय, शुक्रवारचो वता, ती. आमी जमातींत केन्ना गेले?"

मी हसले, आणि समजावून सांगायला तोंड उघडलं, तर मलाच काही सांगता येईना. अनुसूचित म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं. जमात म्हणजे काय, तेही नव्हतं. कचेरीत कागद मिळाला, शिक्का नीट उमटला होता, एवढं पाहून मी निघाले होते. शेवटी मी म्हटलं, "आपण गावडे, तेंच सरकारी भाषेंत." बाबांनी मान हलवली आणि दुसरा पाय धुवायला घेतला. सरकारी भाषेवर त्यांचा तेवढा विश्वास होता.

गावडे या शब्दाबद्दल घरात कुणाला काही शंका नव्हती. सर्वण गावात आमचा वाडा, आमची शेतं, शिगमो खेळायचा आमचा मांड, आमची लग्नं, सगळं त्या शब्दात बसत होतं. गोंधळ सरकारच्या शब्दांनी घातला. थोरल्या भावाने आयटीआयला प्रवेश घेतला तेव्हा आम्ही इतर मागासवर्गीय होतो, त्याच्याकडे तसा दाखला होता. नंतर गोव्यातल्या आमच्या समाजाचं नाव दुसऱ्या यादीत गेलं आणि माझ्या वाट्याला जमात आली. भाऊ तेव्हा डिचोलीला एका गॅरेजमध्ये ट्रकांची दुरुस्ती करायचा. दोन्ही दाखले शेजारी शेजारी धरून तो आईला म्हणाला, "पळय गे, तुका दोन जातींचीं भुरगीं जाल्यांत." आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मी हसले खरी, पण मला त्याचं बोलणं लागलं. एका चुलीवरचं जेवलेली भावंडं आम्ही, कागदावर वेगळी का, याचा मला आतून रागच आला होता.

मला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. त्याला कारण एक पांढरा कोट. शाळेत असताना बाबांचा डबा द्यायला गेले होते तेव्हा खाणीच्या प्रयोगशाळेच्या खिडकीतून एक मुलगी दिसली होती. कोट घालून ती खनिजाची पूड काचेच्या भांड्यात विरघळवत होती. बाहेर सगळं जग लाल आणि आत ती एकटी पांढरी. हे डोक्यात बसलं ते बसलंच. बी.एस्सी.ला गुण बरे पडले, फार चांगले नाहीत. विद्यापीठात जागा मोजक्या. नाही मिळाली तर डिचोलीच्या बाजारात औषधांच्या दुकानात मला उभं राहायचं होतं, मालकाशी बाबांचं बोलणं झालेलं होतं. दुकानात वाईट काही नव्हतं. पण एकदा तिथे उभी राहिले की पुढचं पाऊल बोहल्यावरच पडणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

प्रवेशाच्या दिवशी मी एकटीच गेले. पणजीला बस बदलली, वर पठारावर विद्यापीठात पोहोचले, तर व्हरांड्यात रांग. आईबापांबरोबर आलेली मुलं, हातात प्लॅस्टिकच्या फायली, इंग्रजीतून चाललेल्या गप्पा. मी अर्ज घरून भरून आणला होता, फक्त वर्गवारीचा रकाना कोरा सोडला होता. भावाचा दाखला एक, माझा दुसरा, चुकीचं लिहिलं तर खोटं ठरेल अशी भीती. वाटलं, दाखला मागे जोडलाय, तिथली माणसं बघून भरतील.

टेबलावर एक मॅडम होत्या, पेडण्याच्या. मधूनच शेजारच्या क्लार्कशी त्यांच्या गावच्या बोलीत बोलत होत्या, त्यावरून कळलं. मला बरं वाटलं. त्यांनी अर्ज चाळला, कोऱ्या रकान्यावर पेन टेकवलं आणि मराठीत विचारलं, "इथे काय लिहू? आदिवासी आहेस का तू?"

मी म्हटलं, "नाही."

एका क्षणाचाही विचार केला नाही. आदिवासी मला शाळेच्या पुस्तकात भेटले होते. चित्रातल्या माणसाच्या डोक्याला पिसं होती, हातात धनुष्य होतं, मागे डोंगर होता. बाईंनी विचारलं होतं, आदिवासी कुठे राहतात, आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं होतं, जंगलात. वर्गातली निम्मी मुलं आमच्याच वाड्यावरची होती. बाईंनी शाबासकी दिली होती.

"मग जनरल," मॅडम म्हणाल्या आणि तसं लिहिलं. जनरल म्हणजे सर्वसाधारण. आम्ही सर्वसाधारणच होतो, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. अर्जाच्या शेवटच्या पानापर्यंत त्या गेल्या नाहीत. मागे रांग होती, त्यांचाही दोष नाही.

यादी दुपारी लागणार होती. कॅन्टीनमध्ये मी पातळ भाजी आणि उंडो पाव खाल्ला आणि येऊन फळ्यासमोर उभी राहिले. जनरलच्या यादीत माझं नाव नव्हतं. प्रतीक्षायादीत होतं, पण इतकं खाली की तिथून वर येण्यासाठी अर्ध्या वर्गाला ताप यायला हवा होता. औषधांच्या दुकानाचं काउंटर डोळ्यासमोर आलं, त्यावरची खोकल्याच्या गोळ्यांची बरणीसुद्धा.

तेवढ्यात शेजारचा एक मुलगा मित्राला म्हणाला, "एस.टी.ची सीट बघ, रिकामीच आहे. कोण आलंच नाही." मी खालचा रकाना वाचला. एस.टी., आणि पुढे इंग्रजीत लिहिलं होतं की उमेदवार उपलब्ध नाही.

एस.टी. म्हणजे आमच्याकडे सावंतवाडीची लाल गाडी. पण ही दोन अक्षरं मी दाखल्यावरही पाहिली होती, मथळ्यात, कंसात. मी पिशवीतून दाखल्याची प्रत काढली. होती. मग मी फळ्याकडे बघितलं, पुन्हा दाखल्याकडे बघितलं. उमेदवार उपलब्ध नाही असं लिहिलं होतं आणि मी त्याच्यासमोर हातभर अंतरावर उभी होते. हसावं की रडावं ते कळेना. मी तडक मॅडमच्या टेबलाकडे गेले.

"मॅडम, मी एस.टी. आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "सकाळी तर नाही म्हणालीस."

"मी आदिवासी नाही म्हणाले."

"म्हणजे तू एस.टी. आहेस, पण आदिवासी नाहीस?"

"होय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आतल्या खोलीतून एका सरांना बोलावलं, त्यांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, असं कसं होईल, दोन्ही एकच. मॅडम म्हणाल्या, ते तुम्हाला माहीत, हिला नाही. सर म्हणाले, मग हिने सकाळी खोटं सांगितलं की आता सांगतेय? मी म्हटलं, दोन्ही वेळा खरं सांगितलं. हे बोलताना माझा आवाज चढला आणि रांगेतली माणसं बघायला लागली. खरं सांगायचं तर मला तेव्हा त्या दोघांचा राग आला नव्हता. त्या पुस्तकातल्या पिसंवाल्या माणसाचा आला होता.

शेवटी मॅडम उठल्या आणि मला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. दारावर राखीव वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी मदत कक्ष अशी पाटी होती. आत एक टेबल, एक खुर्ची, कपाटाला कुलूप. मॅडम त्या खुर्चीत बसल्या. "हेही माझ्याकडेच आहे," त्या म्हणाल्या. "त्या टेबलावर मी विचारते, या टेबलावर मदत करते." मग त्यांनी नीट सांगितलं. दाखला खरा आहे, पण तुझं उत्तर 'नाही' असं नोंदलं गेलंय. उद्या दुपारपर्यंत वडिलांना घेऊन ये, दोघांनी लिहून द्या की तुम्ही आदिवासी आहात. नाहीतर ती जागा जनरलला जाईल. जागा मिळाली तर वसतिगृहही मिळेल, शिष्यवृत्तीही. "घाबरू नको," त्या म्हणाल्या. मी घाबरले नव्हते. मला फक्त हे कळत नव्हतं की घरी जाऊन मी नक्की काय सांगू.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "वाड्यार कळ्ळें जाल्यार लोक कितें म्हणटले?" भाऊ म्हणाला, "लोक कितें म्हणटले? लोकूय तेच." मग त्यालाच ते जाणवलं. "म्हणजे हांवूय?" त्याने विचारलं. बाबांनी फक्त एवढं विचारलं की सकाळची बस कितीची.

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बसमध्ये ते खिडकीकडे बघत होते. मध्येच म्हणाले, "रानांतले ते आदिवासी, न्हय?" मी म्हटलं, "तेय आसतले. आमीय." थोड्या वेळाने म्हणाले, "आनी धनगर?" मी म्हटलं, ते नाहीत, त्यांचं नाव यादीत नाही. "ते तर रानांतच रावतात," बाबा म्हणाले. खरं होतं ते. पेडण्याकडच्या डोंगरातले धनगर गुरं घेऊन रानात राहतात आणि ते यादीत नाहीत, आणि आम्ही सर्वणला भातशेती करतो, आम्ही आहोत. असं का, ते अजूनही कुणी विचारलं तर मी विषय बदलते.

मॅडमनी मजकूर इंग्रजीत तयार ठेवला होता. बाबा म्हणाले, मराठीत द्या. गोवा मुक्त झाल्यावर गावात सरकारी मराठी शाळा निघाली, तिथे ते थोडे वर्ग शिकले होते. एरवी ते खाणीवर दाखवतील तिथे सही करून मोकळे व्हायचे, एक अक्षर वाचायचे नाहीत. मॅडमनी कोरा कागद ओढला आणि मराठीत लिहिलं. मी सही केली. बाबांनी कागद हातात घेतला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागले. मी आणि माझे कुटुंब आदिवासी आहोत. तिथे बोट थांबलं.

भिंतीवरच्या घड्याळात दुपार जवळ आली होती. मॅडम बघत होत्या. क्लार्क दारात येऊन उभा राहिला.

बाबा माझ्याकडे वळले. "बाये, हें खरें मगो?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "फट आसल्यार हांव सही मारचों ना. सीट गेली तरी चलतली."

खोट्यावर ते सही करणार नव्हते, हे मला माहीत होतं. त्यांना मी ओळखत होते. पण ते जे विचारत होते ते मलाही माहीत नव्हतं. सरकार म्हणत होतं, मॅडम म्हणत होत्या, सर म्हणत होते. मी फक्त आदल्या दिवसापासून म्हणत होते, तेही अर्धंमुर्धं. त्या खोलीत माझा बाप मला विचारत होता की तो कोण आहे, आणि मी जे सांगेन ते तो खरं धरणार होता. माझ्या आयुष्यात एवढी भीती मला कधी वाटली नाही.

मी म्हटलं, "खरें, बाबा."

त्यांनी सही केली, सावकाश, शेवटची वेलांटी पुन्हा एकदा गिरवून. मॅडमनी शिक्का मारला, रजिस्टरमध्ये नाव चढवलं आणि मला हसून म्हणाल्या, सोमवारी वर्ग सुरू. मला जागा मिळाली होती. मला खूप आनंद झाला, आणि त्याच वेळी असं वाटलं की मी कुठेतरी काहीतरी विसरून आलेय.

आम्ही बाहेर पडलो. व्हरांड्यात कुणी नव्हतं. जिन्याशी बाबा थांबले, कठड्याला धरून खाली बघत राहिले.

"म्हज्या बापायक हें कोणेंच विचारूंक ना," ते म्हणाले.

आजोबांना कुणी विचारलं नाही ते बरं झालं असं त्यांना म्हणायचं होतं की वाईट, मला कळलं नाही. मी विचारलं नाही, आणि ते जिना उतरायला लागले.